दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाला लागणारा वेळ: हिशेब नेमका कसा करायचा

लंडनच्या हीथ्रोपासून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंतचं अंतर शोधायला घ्या. एक संकेतस्थळ ५,५३९ किलोमीटर सांगेल, दुसरं ५,५५४ आणि तिसरं ३,४४२ मैल. तिकिटावर जाताना आठ तास आणि येताना सात तास लिहिलेलं दिसेल. विमानात बसल्यावर समोरच्या पडद्यावर त्याहून कमी वेळ झळकेल. यातलं काहीही चुकीचं नाही, कारण प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजतो. अंतर घरबसल्या किलोमीटरपर्यंत अचूक काढता येतं. वेळ मात्र चार-पाच तुकडे जोडून बनतो, आणि त्यातला सगळ्यात मोठा बदलता तुकडा, म्हणजे वारा, रोज वेगळा असतो. म्हणून अंतराला एक आकडा द्यावा आणि वेळ ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा सांगावा. हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे.

आधी विमानतळ पक्का करा, शहर नव्हे

सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. लंडनच्या नावावर हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असे बरेच विमानतळ आहेत. टोकियोला हानेदा शहराला चिकटून आहे, तर नारिता मध्यवर्ती भागापासून जवळपास साठ किलोमीटरवर. ‘टोकियोचं अंतर’ म्हटलं तर नेमकं कुठलं, हे आधी ठरवावं लागतं. नावं सारखी असली की गफलत आणखी मोठी होते. ऑस्ट्रेलियातलं सिडनी एसवायडी आणि कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातलं सिडनी वायक्यूवाय. कॅलिफोर्नियातलं सॅन होजे एसजेसी आणि कोस्टा रिकाची राजधानी सान होसे एसजेओ. चुकीच्या सिडनीला जाऊन पोचलेले प्रवासी खरोखर होऊन गेले आहेत. म्हणून नावावर विसंबू नका, तीन अक्षरी आयाटा (विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) कोड घ्या. वैमानिक आणि हवाई नियंत्रक चार अक्षरी इकाओ कोड (इकाओ म्हणजे संयुक्त राष्ट्रांची नागरी विमानवाहतूक संघटना) वापरतात (हीथ्रोचा ईजीएलएल, जेएफकेचा केजेएफके). दोन्हींपैकी कुठलाही चालेल.

कोड मिळाला की त्या विमानतळाच्या संदर्भबिंदूचे अक्षांश-रेखांश शोधा. प्रत्येक विमानतळाचा असा एक अधिकृत बिंदू जाहीर केलेला असतो आणि अंतर त्याच बिंदूपासून मोजतात. तो टर्मिनलच्या दारात नसतो, धावपट्ट्यांच्या पसाऱ्याच्या साधारण मध्यावर असतो. अधिकृत कागदपत्रांत हे आकडे अंश, मिनिटं, सेकंद असे दिलेले असतात. हीथ्रोचा बिंदू ५१ अंश २८ मिनिटं ३९ सेकंद उत्तर आणि ० अंश २७ मिनिटं ४१ सेकंद पश्चिम. हिशेबासाठी ते दशांशात आणायचे: मिनिटांना ६० ने भागा, सेकंदांना ३,६०० ने भागा आणि दोन्ही अंशांत मिळवा. हीथ्रोचे ५१.४७७५ आणि ०.४६१४ होतात. जेएफकेचे ४०.६३९७ उत्तर आणि ७३.७७८९ पश्चिम.

५१.२८३९ असं सरळ लिहून मोकळं होणं ही नेहमीची चूक. मिनिटं म्हणजे दशांश नव्हेत, आणि एवढ्या एका चुकीने वीसेक किलोमीटरचा फरक पडतो. दुसरी चूक चिन्हाची. उत्तर आणि पूर्व अधिक, दक्षिण आणि पश्चिम उणे. पश्चिमेचं उणे चिन्ह विसरलात तर न्यूयॉर्क मध्य आशियात जाऊन बसतं.

अंतर काढण्याची रीत

पृथ्वीच्या पृष्ठभागावर दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट बृहद्वृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या केंद्राभोवती पृष्ठभागावर काढलेल्या मोठ्यात मोठ्या वर्तुळाच्या, कंसावरून जाते. पृथ्वीगोलावर दोन विमानतळांमध्ये दोरा ताणून धरा, तो आपोआप या वाटेवर बसेल. हे अंतर काढायला हॅवरसाइन सूत्र पुरेसं आहे. स्प्रेडशीट किंवा त्रिकोणमिती असलेला साधा कॅल्क्युलेटर घ्या आणि या क्रमाने चला:

१. दोन अक्षांशांमधला फरक काढा, त्याचा निम्मा करा, त्याचा साइन घ्या आणि वर्ग करा. आपल्या उदाहरणात फरक १०.८३७८ अंश, निम्मा ५.४१८९, साइनचा वर्ग ०.००८९२.

२. रेखांशांच्या फरकाचंही तसंच करा. फरक ७३.३१७५, निम्मा ३६.६५८८, साइनचा वर्ग ०.३५६४७.

३. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन घ्या. ते ०.६२२८२ आणि ०.७५८८२ येतात. या दोघांचा आणि दुसऱ्या पायरीतल्या उत्तराचा गुणाकार करा: ०.१६८४७.

४. त्यात पहिल्या पायरीतलं उत्तर मिळवा: ०.१७७३९.

५. त्याचं वर्गमूळ काढा (०.४२११७), व्यस्त साइन (कॅल्क्युलेटरवर sin⁻¹) घ्या आणि दुप्पट करा. उत्तर ४९.८२ अंश. हा पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन.

६. एका अंशाला १११.१९५ किलोमीटर या दराने गुणा. साधारण ५,५३९ किलोमीटर.

शेवटच्या पायरीतला दर पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून आलेला आहे. स्प्रेडशीटमध्ये हे करताना एक सापळा असतो: तिथली साइन-कोसाइनची फंक्शनं अंश ओळखत नाहीत, त्यांना रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) लागतात. अंश तसेच भरले तर उत्तर येतं, पण निव्वळ निरर्थक. रेडियनमध्ये काम करत असाल तर पाचव्या पायरीचं उत्तरही रेडियनमध्येच येईल, मग १११.१९५ ने नव्हे, थेट ६,३७१ ने गुणायचं.

उत्तर ताडून पाहायला दोन कसोट्या हाताशी ठेवा. पृथ्वीवर कुठल्याही दोन ठिकाणांमधलं अंतर २०,०१५ किलोमीटरपेक्षा फारसं जास्त असू शकत नाही, कारण तो अर्धा परीघ झाला. त्याच्या बराच पुढे आकडा गेला तर कुठेतरी गडबड आहे. आणि कोन अंशांत असताना त्याला ६० ने गुणलं की सागरी मैल मिळतात. ४९.८२ गुणिले ६० म्हणजे सुमारे २,९८९. ५,५३९ किलोमीटरचे नेमके सागरी मैल २,९९१ होतात.

मग ५,५५४ कुठून आले? पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवांकडे ६,३५७. हा चपटेपणा धरून काढलेलं अंतर ५,५५४ येतं. फरक पंधरा किलोमीटरचा, पाव टक्क्याच्या आसपास. उड्डाणात तो एका मिनिटाचा. या फरकावरून वाद घालण्यात अर्थ नाही, फक्त दोन मार्गांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीने काढलेले असावेत. एकक मात्र नीट पाहा. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, साधा मैल १.६०९ किलोमीटर. विमानवाहतुकीत नुसतं ‘मैल’ म्हटलं की कुठला, हे संदर्भावरून ठरतं, आणि ते चुकलं तर पंधरा टक्क्यांचा फरक पडतो.

नकाशा फसवतो

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर लंडनहून न्यूयॉर्क नैऋत्येला खाली दिसतं. बृहद्वृत्तावरून निघणारं विमान मात्र हीथ्रोहून २८८ अंशांच्या दिशेने, म्हणजे पश्चिमेच्याही १८ अंश उत्तरेला तोंड करून निघतं, ५३ अंश अक्षांशाच्या वर चढतं आणि मग खाली उतरत जातं. होकायंत्राची एकच दिशा धरून, नकाशावरच्या सरळ रेघेने गेलं तर अंतर सुमारे ५,७६० किलोमीटर होईल, म्हणजे २२० किलोमीटर जास्त. मार्ग जितका ध्रुवाकडचा आणि पूर्व-पश्चिम, तितकी ही तफावत वाढते. विषुववृत्ताजवळ किंवा सरळ उत्तर-दक्षिण जाताना ती जवळपास नाहीशी होते.

ऑकलंड ते लॉस एंजेलिससारख्या मार्गांवर १८० अंशांची रेषा ओलांडावी लागते. तिथं रेखांशांची नुसती वजाबाकी २९३ अंश येते. हॅवरसाइनला त्याने काही बिघडत नाही, साइनचा वर्ग तोच निघतो. पण नकाशावर रेघ काढणारी साधी साधनं अशा वेळी उलट बाजूने, अर्ध्या जगाला वळसा घालून रेघ ओढतात.

विमान प्रत्यक्षात किती उडतं

बृहद्वृत्ताचं अंतर हा पाया झाला. प्रत्यक्ष मार्ग त्याहून लांबच असतो. धावपट्टी सोडल्यावर आणि उतरण्याआधी ठरावीक मार्गांनी वळावं लागतं. वाऱ्यामुळे धावपट्टी उलट दिशेने वापरात असेल तर उतरताना पूर्ण फेरा पडतो आणि तीस-चाळीस किलोमीटर सहज वाढतात. मधल्या टप्प्यात लष्करी क्षेत्रं, वादळं आणि गर्दीचे हवाई पट्टे टाळावे लागतात. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तरी ठरलेल्या मिनिटांत कुठल्या तरी विमानतळावर पोचता येईल, इतकंच दूर जाता येतं. त्यामुळे महासागरावर वाट कधी वाकडी होते. लांब मार्गांवर या सगळ्यासाठी तीन ते पाच टक्के धरा. कमी अंतरावर टक्केवारी भरवशाची नाही, तिथं सरळ ५० ते १०० किलोमीटर मिळवा.

बंद हवाई क्षेत्र हा वेगळाच प्रकार. हेलसिंकी ते टोकियो हे अंतर ७,८०० किलोमीटरच्या आसपास आहे आणि रशियावरून जाताना साडेनऊ तासांत प्रवास व्हायचा. फेब्रुवारी २०२२ नंतर ते आकाश फिनलंडच्या विमानांना बंद झालं. तेव्हापासून ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घालून साधारण तेरा तास लागतात. बृहद्वृत्ताचं अंतर एका मीटरनेही बदललेलं नाही. म्हणून लांबच्या मार्गाचा वेळ सूत्राने काढण्याआधी मधलं आकाश खुलं आहे का, हे पाहून घ्यावं.

उंचीचं कोडं बऱ्याच जणांना पडतं: अकरा किलोमीटर वरून उडताना वर्तुळ मोठं होतं, मग अंतर वाढत नाही का? वाढतं, पण लंडन-न्यूयॉर्कला जेमतेम साडेनऊ किलोमीटर. ते सोडून द्या.

वेळेचा हिशेब: आधी वारा नाही असं धरून

घाईत असाल तर एक ठोकताळा बऱ्यापैकी चालतो: किलोमीटरना ८५० ने भागा आणि ४५ मिनिटं मिळवा. येतो तो जेट विमानाचा गेटपासून गेटपर्यंतचा वेळ, वारा न धरता. लंडन-न्यूयॉर्कला सव्वासात तास येतात, आणि वेळापत्रकातल्या आठ आणि सातची सरासरी साडेसात आहे. सिंगापूर-न्यूयॉर्क १५,३४९ किलोमीटर. ठोकताळ्याने पावणेएकोणीस तास, प्रत्यक्षातलं वेळापत्रकही तेवढ्याच्या जवळ.

ही ४५ मिनिटं कशाची? गेट सोडून धावपट्टीपर्यंत जायला दहा ते पंचवीस मिनिटं, उतरल्यावर गेटपर्यंत पाच ते दहा. बाकीची चढ-उतारात जातात. विमानाला ३५,००० फुटांवर जायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि त्या काळात वेग कमी असतो. उतरतानाही तसंच. चढणं-उतरणं मिळून पूर्ण वेगाच्या तुलनेत पंधराएक मिनिटांचं नुकसान होतं. त्यामुळेच कमी अंतराची उड्डाणं इतकी ‘संथ’ वाटतात. हीथ्रो ते पॅरिसचा शार्ल द गोल विमानतळ अवघे ३४८ किलोमीटर, पण वेळापत्रकात सव्वा तास. म्हणजे ताशी २८० किलोमीटर! विमान संथ नाही, त्याला पूर्ण वेग पकडायला जागाच मिळत नाही. स्कॉटलंडमधल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे बेटांमध्ये २.७ किलोमीटरचं नियमित उड्डाण आहे, वेळापत्रकात दोन मिनिटं. तिथं कुठलंच सूत्र लावू नये.

नेमकेपणा हवा असेल तर विमानाचा प्रकार पाहा. ३५,००० फुटांवर प्रमाण तापमान उणे ५४ अंश सेल्सियस असतं आणि तिथं ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६७ किलोमीटर. एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७ त्याच्या ०.७८ पट वेगाने जातात, म्हणजे ताशी ८३० किलोमीटर. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० ०.८५ पट, म्हणजे ९०५. एटीआर ७२ सारखं पंख्याचं विमान ५०० च्या आसपास. एटीआरला ८५० चा ठोकताळा लावणं ही सर्रास होणारी चूक. सहाशे किलोमीटरच्या प्रवासात तो अर्धा तास कमी दाखवतो.

वारा

खरी मेख इथं आहे. वर सांगितलेला वेग हवेच्या तुलनेत असतो. जमिनीवरचं अंतर किती वेगाने कापलं जाईल हे हवा स्वतः कुठे चालली आहे त्यावर ठरतं. दोन्ही गोलार्धांत मध्य अक्षांशांवर, नेमक्या विमानांच्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात. ताशी १०० ते २०० किलोमीटर हे त्यांच्यासाठी रोजचं, कधी तर ३०० च्याही पुढे. हिवाळ्यात ध्रुव आणि उष्ण कटिबंध यांच्या तापमानातली तफावत वाढते, म्हणून ते जास्त जोर धरतात.

काही जण याचं कारण पृथ्वीच्या फिरण्यात शोधतात: ‘पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचायला हवं.’ तसं होत नाही. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं. फिरण्याचा परिणाम वाऱ्यांच्या दिशेवर होतो, विमानावर थेट नाही.

आता लंडन-न्यूयॉर्क पूर्ण करू. प्रत्यक्ष मार्ग ५,७०० किलोमीटर, विमानाचा वेग ९०५. जाताना सरासरी ८० चा वारा तोंडावर धरा. जमिनीवरचा वेग उरतो ८२५, वेळ ६ तास ५५ मिनिटं. चढ-उताराची १५ आणि जमिनीवरची ३० मिनिटं मिळवली की ७ तास ४०. येताना पाठीमागून ९० चा वारा: वेग ९९५, वेळ ५ तास ४४, सगळं धरून साडेसहा तास. तिकिटावर आठ आणि सात दिसतात, कारण विमान कंपन्या वेळेवर पोचल्याची नोंद व्हावी म्हणून वीस-तीस मिनिटं पदरची घालतात. उशिरा सुटलेलं विमान ‘वेळेवर’ उतरतं ते याच शिलकीतून.

वारा संपूर्ण मार्गावरचा सरासरी घ्यायचा, एखाद्या ठिकाणचा कमाल आकडा नव्हे. आणि जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो, हा गैरसमज. ३,६०० किलोमीटर, वेग ९००, वारा नाही: जाऊन-येऊन आठ तास. १५० चा वारा असेल तर जायला ४ तास ४८ मिनिटं, यायला ३ तास २६. बेरीज ८ तास १४. तोंडावरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ घालवतं, म्हणून हिशेब कधीच फिटत नाही.

टोकाचं उदाहरण म्हणजे फेब्रुवारी २०२०. कियारा वादळाच्या वाऱ्यावर स्वार झालेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, तरी हवेच्या तुलनेत ते ध्वनीपेक्षा हळूच होतं. पडद्यावर असा आकडा दिसला तर तो जमिनीवरचा वेग आहे, हे ध्यानात घ्या.

घड्याळाची वजाबाकी

तिकिटावरच्या दोन वेळा स्थानिक असतात. त्यांची सरळ वजाबाकी करू नका. दोन्ही आधी जागतिक प्रमाणवेळेत आणा, मग वजा करा. टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघालं. टोकियो ९ तास पुढे, म्हणजे प्रमाणवेळ सकाळी ८. लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळी ११ ला पोचलं. उन्हाळी वेळेत (उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात तेव्हा) ते ७ तास मागे, म्हणजे प्रमाणवेळ संध्याकाळी ६. प्रवास दहा तासांचा. घड्याळ मात्र निघण्याच्या सहा तास आधीची वेळ दाखवतं, कारण वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली.

फरक पूर्ण तासांचाच असतो असं धरू नका. ॲडलेडचा साडेनऊ तासांचा आहे, नेपाळचा पावणेसहा. उन्हाळी वेळ तर आणखी त्रास देते. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यात पाचऐवजी चारच तासांचा फरक असतो. त्या दिवसांत संध्याकाळी साडेसहाला निघून पहाटे साडेपाचला उतरणारं उड्डाण सात तासांचं असतं. सवयीने पाच वजा करणाऱ्याला ते सहाचं वाटतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर पुन्हा एक आठवडा हीच गत.

शेवटी पडताळणी, आणि कुठला आकडा कुठे

आपलं उत्तर खऱ्या उड्डाणांशी ताडून पाहावं. विमानांचा माग दाखवणाऱ्या सेवांवर त्या उड्डाण क्रमांकाचे मागच्या आठ-दहा दिवसांचे वेळ दिसतात. तिथं दोन वेगळे आकडे असतात: गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा, आणि चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंतचा. सरासरी काढू नका. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या, नाहीतर एखाद्या दिवशी विमानाने घातलेल्या घिरट्या सगळा हिशेब बिघडवतात. नोंदी त्याच ऋतूतल्या हव्यात. जुलैच्या आकड्यांवरून जानेवारीचा अंदाज बांधू नये.

पुढचं विमान पकडायचं असेल तर वेळापत्रकातली पोचण्याची वेळ धरा, चाकं टेकण्याची नव्हे. उतरल्यापासून दार उघडेपर्यंत पंधरा मिनिटं सहज जातात. विमान बदलून जाणार असाल तर प्रत्येक टप्प्याला ४५ मिनिटं वेगळी मिळवा आणि मधला मुक्काम त्यावर. उशीर झालेल्या किंवा रद्द झालेल्या उड्डाणाच्या भरपाईचा प्रश्न असेल तर उलट, प्रत्यक्ष उडालेलं अंतर कामाचं नाही. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमावलीतले १,५०० आणि ३,५०० किलोमीटरचे टप्पे बृहद्वृत्तावर मोजतात, तेही पहिल्या विमानतळापासून शेवटच्या विमानतळापर्यंत, मधले थांबे न धरता. कार्बन उत्सर्जन काढताना बृहद्वृत्ताच्या अंतरात ठरावीक भर घालतात. इकाओच्या पद्धतीत ५५० किलोमीटरच्या आत ५०, ५,५०० पर्यंत १०० आणि त्यापुढे १२५ किलोमीटर. तिथं मात्र थांबे धरायचे, प्रत्येक टप्पा वेगळा मोजून.